आधी बंद, मग चौकशी

गल्लीत माझ्या भावाला सगळे पंखेवाला म्हणतात. तो पंखे विकत नाही आणि बनवतही नाही. गल्लीच्या टोकाला पत्र्याची एक लांबलचक शेड आहे, पूर्वी तिथे गोण्या ठेवायचे. आता आत लोखंडी मांडण्यांच्या रांगा आहेत, मांडण्यांवर बुटांच्या खोक्याएवढी यंत्रं, आणि प्रत्येक यंत्राला पुढेमागे एकेक पंखा. ते सगळे पंखे फिरते ठेवायचे, हे त्याचं काम. हे काम त्याने इतकी वर्षं केलंय की कोणी त्याचं खरं नाव घेऊन पत्ता विचारला, तर गल्लीतली माणसं डोकं खाजवतात. घरात तो धाकटा. मी थोरली. मला ताई म्हणतो आणि माझं एक अक्षर ऐकत नाही.

ऐकणार कसा? कान शेडला वाहिलेले. जेवायला बसला आणि शेजारच्या खिडकीतला पंखा कुरकुरला, की ह्याचा घास हातातच राहतो. "बेअरिंग गेलंय," म्हणायचं आणि उठून त्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं. शेजारीण मला एकदा म्हणाली, "तुमचे भाऊ मदतीला फार धावतात हो." म्हटलं, धावतात, पण हाक पंख्याने मारायला हवी. माणसाने मारली तर ऐकू जात नाही.

त्या शेडमध्ये नेमकं काय चालतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर अंगाचा तिळपापड झाला.

"चित्रं विकतात, ताई," तो म्हणाला होता.

"कुठायत चित्रं? मला तर नुसती खोकी दिसली."

त्याने मोबाइल पुढे केला. डोळे मिटलेला एक निळा बेडूक. "हा कुणीतरी विकत घेतलाय."

"मग तुझ्या मोबाइलवर कसा आला?"

"बघायला सगळ्यांनाच मिळतो. पण तो त्या माणसाचा आहे अशी नोंद आहे. ती जगभरच्या यंत्रांमध्ये एकाच वेळी असते, कुणाला खोडता येत नाही. आता पुढची नोंद कुणी करायची, त्यासाठी सगळी यंत्रं एक आकडा शोधत पळत सुटतात. ज्याला आधी सापडेल तो नोंद करणार, त्याला बक्षीस."

"आणि बाकीचे पळाले त्यांचं काय?"

"काही नाही. त्यांची वीज गेली."

"म्हणजे बेडूक एकाचा, बघायला सगळ्यांना फुकट, आणि त्याच्यापायी एवढ्या जणांनी घाम गाळायचा?"

"घाम नाही, ताई. गरम हवा."

खरंच, गरम हवा. ती शेडच्या मागच्या भिंतीतल्या मोठ्या पंख्यांतून आमच्या गल्लीत यायची. माझ्या कुंड्यांमधली रोपं एकेक करून गेली. कपडे घटकाभरात वाळायचे, एवढाच काय तो फायदा. आवाजाचं तर विचारूच नका. सतत घूंऽऽ. पाहुणा आला की तो दाराशीच विचारायचा, "कसला आवाज येतोय?" आणि आम्ही म्हणायचो, "कसला?"

हे सगळं चालून गेलं असतं. माणूस कशालाही सरावतो. पण आईचं तसं नव्हतं.

आईची फुप्फुसं कामातून गेली आहेत. डॉक्टरांनी घरी एक यंत्र ठेवायला सांगितलं, पलंगाशेजारी उभं असतं. ते खोलीतल्या हवेतला प्राणवायू वेगळा काढतं आणि नळीने आईच्या नाकात सोडतं. दिवसरात्र चालू. कोपऱ्यात एक सिलिंडरही आहे, वीज गेली तर वेळ निभावायला. पण सिलिंडर संपतो, आणि तो उघडायला माणूस जवळ लागतं. आईचा श्वास म्हणजे खरं तर भिंतीतली वीज. आणि आमच्या गल्लीची वीज त्याच तारेवर, जिच्यावर ती शेड.

शेडने सगळ्या रांगा चालू केल्या की आमच्याकडचा दिवा पिवळा पडायचा. माझं शिलाई मशीन रेंगाळायचं. मी घरी पिशव्या शिवून दुकानांना देते, ते काम अर्धवट टाकून उठायची, कारण पुढचा आवाज आईच्या यंत्राचा असायचा. विजेचा दाब उतरला की ते टीं टीं करून ओरडतं आणि हवा पुरेशी देत नाही. मी धावत जाऊन सिलिंडर उघडायची. आई डोळ्यांनीच म्हणायची, घाई करू नकोस. घाई करू नकोस! ओठ निळे पडलेत आणि मला शिकवतेय.

धाकटा घरी आला की मी सुरू. "तुझ्या बेडकांनी आज पुन्हा आईचा गळा धरला." तो हातपाय धुवायचा. मग आईच्या यंत्रामागची जाळी काढून त्यातली धूळ झटकायचा, कान लावून आवाज ऐकायचा, पुन्हा बसवायचा. ते काम त्याने मला कधी करू दिलं नाही. मी कानीकपाळी ओरडत राहायची आणि तो जाळी पुसत राहायचा. एकदाच म्हणाला, "ताई, मला दुसरं काही येत नाही गं." मी पण मग भांडी घासायला गेले.

मग एके दिवशी शेडचे मालक त्याला म्हणाले की आता हे सगळं बदलायचं आहे. चित्रं घेणारी माणसं विचारायला लागली होती, की ह्या बेडकामागे किती कोळसा जळला ते सांगा, नाहीतर नको आम्हाला. कुठल्यातरी चित्रकाराने आपली चित्रं काढून घेतली, म्हणाला, माझ्या रंगाला धुराचा वास येतो. शिवाय नोंदीची पद्धतच बदलणार होती. शर्यत बंद. ज्यांनी आपली ठेव तारण म्हणून ठेवलीय त्यांच्यातून चिठ्ठी काढल्यासारखा एक जण निवडायचा, त्याने नोंद करायची, खोटी केली तर ठेव बुडाली. बाकीच्यांनी गप्प बसायचं. एवढ्याला ती मांडणीभर यंत्रं कशाला? टेबलावर दोनचार साधी खोकी पुरतात, आमच्या शिलाई मशीनला जेवढी लागते तेवढ्या विजेवर चालतात म्हणे. मला तर हसूच आलं. म्हटलं, हे आधी नाही का सुचलं कुणाला?

बदलाचा दिवस अजून लांब होता. तोवर दोन गोष्टी करायच्या ठरल्या. जी यंत्रं जुनी, वीज जास्त खातात, ती रांगेरांगेने बंद करायची. आणि उरलेली फक्त ऊन असेपर्यंत चालवायची, शेडच्या पत्र्यावर बसवलेल्या सौर पट्ट्यांवर. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे लागतात तेव्हा शेड बंद.

मालकांनी धाकट्याला बाजूला घेऊन विचारलंही होतं. दुसरीकडे अजून शर्यतीच्याच नोंदी चालतात, ही यंत्रं तिकडे वळवता येतील, शेड आहे तशी राहील, तुझी नोकरीही राहील. काय म्हणतोस?

"माझी आई त्याच तारेवर आहे, मालक," तो म्हणाला.

ह्यामुळे मालकांचं मन वळलं असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली नसती तर त्यांनी माझ्या भावाला विचारलंही नसतं. पण तो असं म्हणाला. स्वतःच्या पोटावर पाय देऊन म्हणाला. हे मला शेडमध्ये त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जोडीदाराकडून कळलं. त्या दिवशी घरी येऊन ह्याने नेहमीसारखी जाळी पुसली, बस्स.

आता बंद करायचं म्हणजे सोपं काम, असं मला वाटलं होतं. भाऊ लवकर घरी येईल, दोन घास गरम खाईल. कसलं काय! वर्षानुवर्षं न थांबता चाललेली यंत्रं रोज संध्याकाळी थंड आणि रोज सकाळी गरम करायला लागल्यावर ती रुसली. आज ह्याचा पंखा अडकला, उद्या त्याच्या तारेचा टाका निघाला. त्यात रांगा कमी झाल्या म्हणून माणसंही कमी केली. जोडीदार गेला. दोघांचं काम एकटा करायला लागला, आणि बंद झालेली यंत्रं उचलून, पुसून, भंगारवाल्याला द्यायला वेगळी काढायची तीही ह्यानेच. त्यातली तांब्याची, ॲल्युमिनियमची धूळ नाकातोंडात. जग वाचवायचं म्हणे. त्याला वाचवायला कोणी यायला हवं होतं.

आणि शेडचा एक नियम होता, तो आधी सांगायला हवा होता. आतल्या भिंतीवर लाल रंगात लिहिलेला: आधी बंद, मग चौकशी. कुठल्याही पंख्याचा आवाज बदलला, की पहिल्यांदा ते यंत्र बंद करायचं. का, कसं, हे नंतर. कारण पंखा अडकला की यंत्र तापतं, आणि एक तापलं की मांडणी पेटायला वेळ लागत नाही. पूर्वी कुठेतरी कुणीतरी "बघू जरा" म्हणत थांबला होता आणि शेड जळून गेली होती. म्हणून नवीन माणसाला सगळ्यात आधी हे शिकवायचे. विचार करायचा नाही. कानावर आवाज, बटणावर हात. त्या हंगामात तर दिवसभर त्याचा उजवा हात तेवढंच करत होता. रांगेतून चालायचं, ऐकायचं, बंद करायचं. घरी चहा पितानाही त्याचा अंगठा कपाच्या कानावर दाबल्यासारखा हलायचा. मी चिडवायची, "कप बंद केलास का?" आधी हसायचा. पुढे पुढे हसायचाही नाही.

एक गोष्ट मात्र खरी. दिवे पिवळे पडायचे थांबले. संध्याकाळी आईचं यंत्र ओरडेना. गल्लीतली बायामाणसं पहिल्यांदाच दाराबाहेर खुर्च्या टाकून बसली. आईचा चेहरा जरा बरा दिसायला लागला. म्हणाली, "धाकट्याने माझ्यासाठी अख्खा कारखाना बंद केला." आम्ही दोघं हसलो. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि तसं ते अगदीच खोटं नव्हतं.

पण धाकट्याची झोप उडाली ती उडालीच. रात्री आईजवळ बसायची पाळी आम्ही वाटून घेतली होती, आणि तो माझी पाळीही परस्पर करायचा. सकाळी उन्हाबरोबर शेडमध्ये हजर. डोळे तांबारलेले. "अरे, पडून राहा जरा." "राहतो ना." राहतो म्हणायचा आणि उठायचा. आई बघायची सगळं. नळी नाकात असली म्हणून आईला दिसत नाही असं थोडंच आहे? त्याचा हात हातात घेऊन म्हणायची, "बाळा, किती वाळलास." तो म्हणायचा, "वजन कमी केलंय आई, विजेबरोबर." असले विनोद.

त्या दिवशी दुपारी आभाळ झाकोळलेलं होतं, पट्ट्यांतून वीज मिळेना, म्हणून मालकांनी त्याला घरी पाठवलं. मला बरंच झालं. पिशव्यांचा गठ्ठा दुकानात पोहोचवायचा होता. म्हटलं, बस आईजवळ, मी जाऊन येते. तो पलंगाला टेकून खाली बसला. मी चपला घालत होते तेव्हाच त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. आईने मला हाताने खुणावलं, जा तू.

दुकानात नेहमीसारखा उशीर झाला. परत आले, दार ढकललं, आणि पहिल्यांदा काही कळलंच नाही. घर काहीतरी वेगळं वाटत होतं. वरचा पंखा फिरत होता. धाकटा झोपला होता, पलंगाच्या कडेवर गाल ठेवून, तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायचा तसा. आई उशीला न टेकता ताठ बसली होती. दोन्ही हात गादीत रुतवलेले. खांदे वरखाली होत होते. ओठ निळे.

यंत्र बंद होतं.

धाकट्याचा उजवा हात अजून बटणाजवळच पडला होता.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आईने एक हात गादीवरून उचलला. उचलताना तिला किती जड गेलं ते मला दिसत होतं. तिने बोट ओठांवर ठेवलं. त्या निळ्या ओठांवर.

शू.

देवा रे! मी दोन ढांगांत पलीकडे गेले आणि बटण दाबलं. यंत्राने चालू होताना लांब टींऽऽ केलं, आणि मग ते नीट घुमेना, घरघरायला लागलं. जाळी धुळीने गच्च भरली होती, कामाच्या रगाड्यात ती पुसायची त्याच्याकडून राहून गेली होती. धुळीने आवाज बदलला होता आणि तो ह्याच्या कानावर पडला होता, झोपेत. कानावर आवाज, बटणावर हात. मी जाळी ओढून काढली, पदराने पुसली, परत बसवली. सिलिंडरही उघडला. आईच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हळूहळू ओठांचा रंग परत यायला लागला.

धाकटा उठून उभा राहिला होता. "काय झालं? बंद कसं पडलं?"

मी काही बोलण्याआधी आईच बोलली. तुटक तुटक, पण बोलली. "वीज... गेली होती... मघाशी."

तो वर बघत राहिला. पंखा फिरत होता. माझ्या मशीनवरचा दिवा मी जाताना चालू ठेवून गेले होते, तोही चालू होता; बंद होतं ते एकटं यंत्र. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. आणि तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मला राग आवरत नव्हता, आणि तो कुणावर काढावा कळत नव्हतं. म्हणून आईवरच काढला. "अगं, हाक मारायची ना! त्याला हलवायचं! बटण तुझ्या हाताशी होतं!"

आई बराच वेळ श्वास गोळा करत होती. मग म्हणाली, "यंत्र चालू केलं की ओरडतं. तो उठला असता."

"मग उठू दे की!"

"किती दिवसांनी झोपला होता गं."

अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी धाकट्याने पत्र्याचा एक तुकडा वाकवून आईच्या यंत्राच्या बटणावर झाकण बसवलं, दोन स्क्रूंनी. आता बंद करायचं तर पेचकस लागतो. झाकण बसवून झाल्यावरही तो ते हलवून हलवून बघत होता. झालेल्या गोष्टीबद्दल मात्र तो बोलला नाही, आम्हीही नाही. पण त्या दिवसापासून तो घरात बसला की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचा. झोपणं तर त्याने सोडूनच दिलं. आईजवळ बसेनाच. दारातून विचारायचा, "बरं आहे ना?" आणि निघून जायचा. जाळी पुसायलाही मला सांगायचा. इतकी वर्षं हात लावू दिला नव्हता, आणि आता म्हणे, तू कर ताई. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मग तो बदलाचा दिवस आला. शर्यत संपली. शेडमध्ये उरलेल्या रांगा एकदमच बंद करायच्या होत्या, दाराजवळच्या मोठ्या खटक्याने. मालकांनी पेढे नाहीत पण चहा मागवला होता, गल्लीतल्या आम्हा लोकांनाही बोलावलं होतं. म्हणाले, इतकी वर्षं पंखेवाल्याने चालवलं, त्यानेच बंद करावं. टाळ्या वाजल्या. धाकटा खटक्यासमोर जाऊन उभा राहिला. उभाच राहिला. हात वर जाईना. माणसांना वाटलं, नोकरी चालली म्हणून ह्याला भरून आलं. कोणीतरी म्हणालंही, "जीव लागतो हो यंत्रावर." मी मागून बघत होते. मला माहीत होतं कशावर जीव लागलाय ते. शेवटी मालकांनीच खटका खाली ओढला.

आवाज एकदम गेला नाही. पंखे सावकाश थांबत गेले, एकामागून एक, आणि मग काहीच उरलं नाही. चिमण्या ओरडत होत्या हे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं. लोक एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत होते, सवयीने, आणि मग ओशाळून हळू बोलायला लागले. टेबलावर ती नवीन खोकी होती, पाटीपेन्सिलीच्या डब्याएवढी. त्यांना पंखाच नव्हता. पंखेवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली आपली हत्यारांची पिशवी उचलली.

आम्ही घरी आलो. दुपार होती. आईच्या यंत्राचा बारीक आवाज तेवढा घरात होता, एकसारखा, स्वच्छ. तिने विचारलं, "झालं बंद?"

"झालं," तो दारातूनच म्हणाला.

"इकडे ये."

"असू दे आई, इथेच बरा आहे."

"ये म्हणते ना!" आणि खोकला लागला तिला. खोकल्याच्या भीतीने तरी तो आत आला, पलंगाशी बसला, हात मांडीखाली. आईने तो हात ओढून बाहेर काढला. ओढायला तिच्यात ताकद कुठली, त्याने काढू दिला म्हणून निघाला. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला, छातीशी, नळीच्या खाली.

"आता झोप," ती म्हणाली. "हा मी धरून ठेवते."

मग त्याने गाल गादीवर टेकला. मी मशीनवरचं काम बाजूला ठेवलं आणि दाराची कडी हळूच लावून घेतली, आवाज न करता.